कोपरेवाले आणि त्यांचं पांढरं फडकं

आमच्या शेजारी सोफे साफ करणारे काका राहायचे. सगळी गल्ली त्यांना 'कोपरेवाले' म्हणायची. कुणाकडेही गेले की ते आधी जमिनीवर आडवे व्हायचे आणि सोफ्याच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात हात घालायचे. नवं गिऱ्हाईक घाबरायचं. वाटायचं, माणसाला चक्करच आली!

काकांचं म्हणणं असं, की रेशीम आणि मखमल ही रुसकी मंडळी. त्यांना चारचौघांत काही बोलायचं नाही, आधी बाजूला घेऊन विचारायचं. म्हणजे कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून धरायचं. फडक्याला रंग लागला, तर पाण्याची बाटली मुकाट्यानं परत पिशवीत, ते कापड भिजवायचंच नाही. नाही लागला तरच पुढे जायचं, तेही न घासता, नुसतं टिपत टिपत. आणि वाळवायचं पंख्याखाली, उन्हात नाही.

"लग्नाआधी मला कुठल्या कोपऱ्यात तपासलंत हो?" काकू विचारायच्या.

"तिथंच तर चुकलो. थेट भिजवलं."

काकू कामावर कायम बरोबर असायच्या. लोकांना वाटे, पिशवी धरायला. काकांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत चालला होता, हे फक्त आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक. चष्म्यानं भागणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते. काकांना सोफा दिसायचा, मोठा डाग दिसायचा. फिका रंग मात्र दिसत नसे. म्हणून फडकं काकू बघायच्या. त्या खोकल्या, की रंग सुटतोय. काही गिऱ्हाइकं तर त्यांना काढा करून द्यायची. बिचाऱ्या तो प्यायच्याही.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला तो मोडलाच. त्या अंथरुणाला खिळल्या आणि काकाही घरात बसले. अशात एका वकिलीणबाईंचं बोलावणं आलं. जुन्या रेशमी खुर्च्या होत्या, सायीच्या रंगाच्या, कडेनं गडद तांबड्या पट्टीचा गोट.

"जा हो," काकू म्हणाल्या. "फडकं त्या बाईंना बघायला सांगा. त्यात लाज कसली?"

"बरं," काका म्हणाले.

काका गेले, आडवे झाले, गोटावर फडकं दाबलं आणि खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरलं. पांढरं दिसलं. वकिलीणबाई शेजारच्याच खोलीत होत्या. हाक मारायला तोंड उघडलंही होतं. पण सोफा साफ करणाऱ्यानं मालकिणीला विचारायचं, की बाई, रंग सुटलाय का, जरा बघता? काकांनी तोंड मिटलं आणि स्पंज ओला केला.

काम आटोपून ते पंखा लावत होते, तेवढ्यात बाई आत आल्या आणि किंचाळल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत!"

"काय झालं?" काकांनी विचारलं.

ते अगदी मनापासून विचारत होते. बाईंना तो उद्धटपणा वाटला. गोटाचा तांबडा रंग फिका गुलाबी होऊन सगळ्या खुर्च्यांवर उतरला होता, आणि त्याच खुर्च्यांकडे बघत हा माणूस काय झालं म्हणून विचारतोय! त्यांनी दार उघडून धरलं. त्या काय काय बोलल्या, ते काकांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

आमची भिंत एकच. घरी आल्यावरचं बोलणं मी न ऐकायचं ठरवूनही ऐकलं.

"दाखवलंत का बाईंना?"

"दाखवलं की. पांढरंच आहे म्हणाल्या. खूश झाल्या."

मला वाटलं, आता काकू हसतील. पण तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "चला, म्हणजे माझ्यावाचून चालतं तुमचं. बरं झालं. मी आता नुसतं पडून राहायचं."

त्यानंतर दोन्ही वेळा त्यांनी आमच्या घरून गेलेलं ताट परत पाठवलं. औषध तोंडाशी नेलं की मान वळवायच्या. काका चमचा धरून बसायचे आणि औषध चादरीवर सांडायचं.

दुसऱ्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "अगं, खोटं बोललो मी. विचारलंच नाही त्यांना. सगळ्या खुर्च्या गेल्या. तुझ्याशिवाय नाही गं चालत."

"सगळ्या?"

"सगळ्या. हे काम आता संपलं माझं."

काकूंचा रडका आवाज आला, "अहो, विचारायचं तरी होतंत!" मग नाक शिंकरल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं चमचा वाटीवर वाजला. काकू औषध घेत होत्या.

काकांनी मात्र पुन्हा कुणाच्या सोफ्याला हात लावला नाही.