साहेबाच्या शेजारचे वानखडे काका

वानखडे काका रोज सकाळी एका मेलेल्या साहेबाशी भांडायचे. आयर्लंडमधल्या स्लायगोत आमच्या वसाहतीमागे जुनं चर्च आहे. त्याच्या आवारात कुणा साहेबाचं पेटीसारखं दगडी थडगं, भोवती भाल्याच्या टोकांचे लोखंडी गज. त्या गजांना पाठ टेकून काका खिशातला चिवडा खायचे. चिमूटभर आतही टाकायचे, "घे रे साहेबा, तुलेबी कोनी इचारत नाई." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाऊस भुरभुरत होता. घरी जा ना काका, म्हटलं. तर थडग्याकडे हनुवटी करून म्हणाले, "पाह्य वं पोरी, मेल्याले कुंपण घातलं अन् जित्याले बाहेर काढलं."

खोटं नव्हतं ते. मुलगा आशिष आणि सून, दोघांचंही काम घरून. मीटिंगमध्ये म्हाताऱ्याचा खोकला ऐकू जातो, म्हणून चहा झाला की "बाबा, फिरून या." दुपारी नातवाला शाळेतून आणायचं, तेवढ्यापुरते बाबा हवे. आवारात बसायला काही नाही. गुडघे गेलेला माणूस, तासन्‌तास उभा. माझ्याकडे या म्हटलं की मान हलवायचे. लोकांच्या घरी गाऱ्हाणी सांगतात, असं सून म्हणेल.

त्यांना एकच हवं होतं. काकू गेल्यावर आशिषने त्यांना इथे आणलं आणि अकोल्याचं घर भाड्याने दिलं. "मले अकोल्यातच मरू दे बाप्पा," एवढंच ते मागायचे. आशिषचं ठरलेलं, दिवाळीत बघू. मी एकदा त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो हसला. म्हणाला, बाबा इथे एकदम ग्रँड आहेत, मजेत.

या फेब्रुवारीत काका गजांपाशीच कोसळले. उचलून नेईपर्यंत संपलं होतं. अस्थी इथल्याच समुद्रात सोडल्या. अकोल्याला जायला दोघांनाही रजा नव्हती.

गेल्या आठवड्यात आशिषने चर्चची परवानगी काढून थडग्याशेजारी लाकडी बाक बसवला. वर पितळी पाटी, इंग्रजीत: बाबांची आवडती जागा. नातेवाइकांना पाठवायचा फोटो काढायला मला बोलावलं. पाटी वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

"अरे निर्लज्जा, जिवंत होते तेव्हा त्यांना इथे टेकायला जागा नव्हती."

"अगं, म्हणूनच तर बसवला," आशिष म्हणाला. मग त्याने बायकोला जवळ ओढलं आणि थडगं फोटोत येऊ नये म्हणून मला जरा डावीकडे सरकायला सांगितलं.