चौथी तार

सहदेव पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. मुंबईत टेलिफोनच्या कारखान्यात ऐन उमेदीची वर्षं तारा जोडण्यात घालवली आणि सन साठ-बासष्टच्या सुमारास महाडला आला, तो एक खूळ डोक्यात घेऊनच. सावित्री चढली की नदीकाठची आळी दरसाल गाफील सापडे. सहदेवच्या मनानं घेतलं की पाणी किती चढलं ते नदीनंच बाजारात येऊन सांगावं.

लोक हसले. हसणाऱ्यांकडूनच खांब, तारा, बॅटऱ्या मिळवून त्यानं काम तडीस नेलं. गावाच्या वरच्या अंगाला काठावर खड्डा बांधला. पाण्याबरोबर त्यातला डबा तरंगत वर येई आणि डब्याच्या पितळी जिभा चार पट्ट्यांवर घासत सरकत; पट्ट्यांवर ठरावीक जागीच पत्रा होता, तिथेच वीज लागे. त्या पट्ट्यांच्या चार तारा बाजारातल्या खोक्यात येत. पहिली तार एक हात पाण्याची, दुसरी दोनाची, तिसरी चाराची, चौथी आठाची. ज्या तारांत वीज येई त्यांची बेरीज होऊन काचेमागचा काटा तेवढा सरके. सात हातांना पहिल्या तिन्ही जाग्या असत. आठ झाले की त्या गप्प आणि चौथी एकटी बोलणार. हे तो भेटेल त्याला समजावत बसे आणि ऐकणारा जांभया देई. पण काटा बघायला अक्कल लागत नव्हती. दोन पावसाळ्यांत लोकांचा त्यावर असा विश्वास बसला की आभाळाकडे बघणंच त्यांनी सोडलं.

श्रावणात एका दुपारी काटा सातावर गेला. नवाला लाल रेघ होती, दहाला आळी बुडायची. बायकांनी गाठोडी बांधली, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन माणसं चढणीला लागली. आणि काटा धाडकन शून्यावर आला.

आळीच्या जिवात जीव आला. चांगू वाणी तर गुळाच्या ढेपी घेऊन परत दुकानाकडे निघाला. सहदेवला मात्र ते पटेना. सात हात चढलेली नदी क्षणात आटते कुठे? तो ओरडत होता की पाणी आठावर गेलंय, चौथी तार मेलीय, मागे फिरा. चांगू थांबला आणि शांतपणे म्हणाला, "सहदेवा, दोन वर्सं तूच सांगतोस, माणसाचं नको, काट्याचं ऐका. मग आज तुझं कसं ऐकू?"

आपण चुकत असलो तर, असंही सहदेवला वाटून गेलं. तेवढ्यात त्याची बायको मैना सासूला धरून तिथे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अवो, मी यंदा नदीची ओटी भराया गेले तवा खड्ड्याचं झाकण काढून पट्ट्यांना तेल-शेंदूर लावला. वरच्या टोकाला. मला वाटलं, नदीचंच ठाणं हाय ते."

वरचं टोक म्हणजे आठाच्या पुढचं. खालचा भाग रोज घासून लख्ख राही. वर यंदा जीभ पोचलीच नव्हती. शेंदूर तसाच थापलेला, त्यातून वीज कसली जाते! तिच्यावर चिडायलाही त्याला सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर चिडण्याजोगं तिनं काही केलं नव्हतं.

"आईला घेऊन वर जा गो. माझी वाट बघू नको."

त्यानं खोक्याचं झाकण उचकटलं, बॅटरीची तार चौथ्या तारेच्या खिळ्याला बोटानं दाबून धरली. काटा आठावर गेला. दुसऱ्या हातानं पहिलीलाही जोड दिली. नऊ. लाल रेघ.

चांगूनं काटा पाहिला आणि ढेपी तिथेच टाकल्या. आळी पुन्हा उलटी फिरली. हात निघाला असता तर माणसं परत खाली उतरली असती, म्हणून सहदेव खोक्याला चिकटून उभा राहिला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. वरून मैना हाका मारत होती. त्याला ऐकू येत होत्या, पण आळीच्या टोकाला दोन बिऱ्हाडं अजून निघत होती. त्यानं बोटं आणखी घट्ट दाबली.

शेवटचा म्हातारा चढणीला लागला तेव्हा पाणी सहदेवच्या कमरेला होतं. त्यानं तारा सोडल्या आणि तो चढणीकडे वळला. काटा शून्यावर आला.