पंढरीची दोन बोटं
घिवलीचा पंढरी अणुवीज केंद्रात एका ठेकेदाराकडे परांची बांधायचा. माणूस सरळ, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. ठेकेदाराच्या शेडवर 'अपघात शून्य' असा फलक होता. वर्ष बिनअपघाती गेलं की साऱ्या टोळीला एकेक कुकर. कुकरापायी माणसं काय काय गिळतात, अहो, विचारू नका!

वजन वर चढवायच्या चेन-कप्पीचा ब्रेक घसरला आणि पंढरीची दोन बोटं गेली. मुकादम मिथुननं त्याला गुपचूप बोईसरला नेलं आणि डॉक्टरला सांगितलं, घराच्या दारात चेमटली. पंढरीनंही मान डोलावली. आपल्यापायी टोळीचा कुकर कशाला बुडवायचा? मूर्ख लेकाचा! कुकर आले, पण कप्पी तशीच टांगलेली राहिली. आणि तिच्याखाली आता त्याच टोळीतला त्याचा धाकटा भाऊ जिवल्या काम करायला लागला. तेव्हा मात्र पंढरीची झोप उडाली. मिथुनला सांगितलं तर तो म्हणाला, "गप रे, सगल्यांच्या पोटावर पाय आणतोस काय?"

त्याच सुमारास बाहेरून तपासणीचं पथक आलं. धोका दिसला की इथली माणसं बोलतात का, हे त्यांना पाहायचं होतं. पथकातल्या हेमांगी मॅडमनी एकेकाला बंद खोलीत बसवलं. "नाव कुठं जाणार नाही, मोकळेपणानं बोला." पंढरी सगळं बोलला. मॅडमनी नाव खरंच लपवलं. इथं माणसं बोलायला घाबरतात, एवढंच त्यांनी वर कळवलं.

ठेकेदाराचा साहेब भडकला. टोळी शेडमध्ये उभी केली. "कोण घाबरतं इथं? हात वर करा!"

एकच हात वर गेला, तीन बोटांचा. टोळी फिदीफिदी हसली.

"कप्पी खराब हाय, साहेब," पंढरी म्हणाला. "माजी बोटं तिच्यातच गेली. जिवल्याला विचारा, तो बाजूलाच होता."

साहेब जिवल्याकडे वळला. जिवल्यानं मिथुनकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"दादा दारू पिऊन येतो, साहेब."

झालं! दारुड्याला आत ठेवणं धोक्याचं, म्हणून साहेबानं तिथल्या तिथं पंढरीचा गेटपास काढून घेतला. सुरक्षेत हयगय नको म्हणे. हलकटपणाला काही सीमा! मिथुननं दंडाला धरून त्याला बाहेर काढलं, बाकीचे कामाला लागले.

"जिवल्या, कप्पीखालून बाजूला हो रे!" जाता जाता पंढरी ओरडला.

"उतरली नाय वाटतं अजून," जिवल्या म्हणाला आणि कप्पीखाली जाऊन उभा राहिला.