चंदी खाल्ल्यावर एक पुडी

आमच्या घरात कुणाला दुखण्याची गोळी द्यायची झाली की मी आधी त्याचं ताट बघते. नुसतं ‘जेवलो’ म्हटलेलं चालत नाही. मुलं वैतागतात. वैतागू देत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही कोपरीत राहायचो. बाबांचा टांगा ठाणे स्टेशनवर असायचा. एका पावसाळ्यात घोडीचा गुडघा सुजला. गुरांच्या डॉक्टरांनी पांढऱ्या भुकटीच्या सात पुड्या दिल्या. रोज सकाळी एक, चंदी खाल्ल्यावरच. पाणी भरपूर. टांग्याला अजिबात जुंपायचं नाही.

बाबांनी ते कसोशीनं पाळलं. स्टँडवरचे त्यांना चिडवायचे, “काय रे, घोडी माहेरपणाला आलीय का?” बाबा हसायचे आणि दुसऱ्याचा टांगा हाकायचे. पहाटेच बाहेर पडत, म्हणून पुडी माझ्याकडे. मी बारा वर्षांची होते.

आईनं भिजवलेले चंदीचे हरभरे मी तोबऱ्यात ओतायची, तोबरा घोडीच्या तोंडाला बांधायची आणि वेणी घालायला आत जायची. कुडापलीकडून दातांचा करकर आवाज यायचा. खातेय, म्हणजे झालं. वेणी झाली की तोबरा काढून खुंटीला अडकवायचा, पुडी गुळात वळून तिच्या तोंडात सारायची आणि शाळेला पळायचं. चौथ्या दिवशी तोबरा जड लागला. मला उशीर होत होता.

संध्याकाळी गवत तसंच पडलेलं असायचं. बाबा म्हणायचे, “बसून आहे, भूक कशाला लागेल?”

सहाव्या दिवशी घोडीनं मान खाली टाकली. लीद काळी, पातळ. बाबांनी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी तिच्या ओठाखाली बघितलं, मग खुंटीवरचा तोबरा काढून जमिनीवर उलटा केला. खालच्या हरभऱ्यांना बोटभर मोड आले होते.

“चंदी कोण देतं?”

“मी.”

“खाताना बघितलंस?”

“आवाज यायचा.”

“पोटात दुखलं की घोडं दात खातं, बाई. तो आवाज.” ते बाबांकडे वळले. “उपाशी पोटी गेलीय पूड. आतून सोलवटली असणार. आता एकही पुडी नको. तांदळाची पेज देऊन बघा.”

आईनं पेज केली. घोडीनं तोंड लावलं नाही. आई मला म्हणाली, “तू शाळेत जा. इथं उभी राहून काय करणार आहेस?” मी गेले. दिवसभर वर्गात कुणी पेन्सिल चावली तरी मी वळून बघत होते.

परत आले तेव्हा तबेल्याची जमीन धुतलेली होती. बाबा पायरीवर बसले होते. मी समोर उभी राहिले, ते ओरडतील म्हणून.

“सूज पार उतरली होती गं,” ते म्हणाले. “पाय अगदी चांगला झाला होता.”