भाऊजींचा हात आणि जड बोट

अंकिता पुन्हा पाण्यात पडली तेव्हा राजूशेठ धक्क्यावरूनच ओरडले, "बास झालं! आणा ती बोट काठाला."

मी बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या झाकणावर बसले होते. दोरी ओढून घेतली. अंकिता पोहत बोटीपाशी आली आणि खांदा चोळत म्हणाली, "मावशी, मी उडी घ्यायला निघते अन् बोट मधीच दम सोडते. पायाखालची लाटच जाते."

दम सोडते हे तिनं बरोबर सांगितलं. आमच्या बोटीचा रोग तोच होता.

ज्यांनी अशी बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. वेकबोर्ड म्हणजे एक फळी. दोन्ही पाय तिच्यात अडकवायचे, दोरी धरायची आणि बोटीमागं ओढलं जायचं. बोटीमागं जी लाट उठते तिच्यावरून उडी मारायची. बोट जितकी जड तितकी पाण्यात दबते आणि लाट मोठी होते. म्हणून या बोटीत मुद्दाम वजन भरतात. सीटखाली मोठ्या पिशव्या असतात, त्यांत पंपानं तलावाचंच पाणी भरायचं. गावातले लोक धक्क्यावर येऊन हसायचे. पाण्यावर चालायच्या बोटीत पाणी कशाला भरायचं, म्हणायचे.

दुसरी गोष्ट स्पीड कंट्रोल. ड्रायव्हरनं स्क्रीनवर आकडा लावायचा, मग बोट तेवढ्याच वेगानं चालली पाहिजे. वेग हलला की लाट हलते, आणि लाट हलली की माणूस पडतो. आमची बोट रिकामी असली की आकडा गच्च धरायची. पिशव्या भरल्या की सरळ जायची, पण वळण आलं की वेग खाली. वळणातून निघाली की पुन्हा ठीक.

हा बोटिंग क्लब मुखेडकडच्या तलावावर आहे. राजूशेठ उदगीरचे, घरचं अडत दुकान आहे, पण त्यांचा जीव पाण्यात. ही बोट त्यांनी गोव्याहून जुनी आणली. अंकिता लातूरची, फळीवर उभं राहायला शिकवते. ड्रायव्हर माझे मोठे दीर, बालाजी भाऊजी. सगळं आयुष्य ट्रॅक्टर चालवून ते बोटीवर आले. इंजिनाचं काम माझ्याकडं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पंप दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून इंजिन हाताखालचं झालं होतं.

धक्क्यावर राजूशेठनी भाऊजींना आणि मला समोर उभं केलं.

"रविवारी लातूर-नांदेडहून लोक बघायला येऊन राहिले. त्यांच्यापुढं पोरगी अशी आपटली तर माझी इज्जत गेली. शनिवारपर्यंत नीट झाली तर ठीक. न्हाई तर ट्रक बोलावतो अन् गोव्याला परत."

"अन् मग आम्ही?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही पायडलच्या बोटी बघा. वहिनींना तिकिटाच्या खिडकीवर बसवू."

तिकिटाची खिडकी म्हणजे दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणं. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही. इंजिनाचं काम मी धरून ठेवलं होतं ते त्याच्यापायी. इंजिन काही विचारत नाही.

मी कामाला लागले. आधी पिशव्या बघितल्या. एक अर्धवट भरत होती, आतलं पाणी इकडून तिकडं हिंदकळायचं. पंपाची जाळी शेवाळानं भरली होती. ती साफ केली, पिशवी गच्च भरली. बोट पळवली. वळणावर वेग पुन्हा खाली.

मग वेग मोजायचा अँटेना. त्याला वर मोकळं आभाळ लागतं. कुणीतरी त्याच्यावर ओला टॉवेल वाळत टाकला होता. टॉवेल काढला. फरक नाही.

मग इंजिन बंद करून पाण्यात उतरले आणि बोटीखालचा पंखा चाचपला. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा त्याच्या मुळाशी गुंडाळला होता. तो कापून काढला. बोट थोडी हलकी पळायला लागली, पण वळणावर तेच.

शेवटी राजूशेठनी गोव्याच्या मिस्त्रीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो मिस्त्री चांगला माणूस. त्यानं स्क्रीनवर वजनाचा आकडा वाढवायला सांगितला, तो आम्ही वाढवला. मग म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. तुमचा कंट्रोल जुना आहे, तारेवरचा. तो वेग जास्त झाला तर तार मागे ओढतो. पुढे ढकलायची ताकद त्याच्यात नाही. ड्रायव्हरनं वेगाचा लिव्हर जेवढा पुढे ठेवला तेवढ्यातच तो खेळतो. लिव्हर पुरता पुढे असतो ना?"

राजूशेठनी भाऊजींकडं बघितलं.

"हाव, पुढंच असतो," भाऊजी म्हणाले. ते खोटं बोलणारे नाहीत. मीही तो विषय तिथंच सोडला.

तो सोडायला नको होता, हे शनिवारी कळलं.

आमच्या घरात मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायची आणि थेट न बोलायची रीत आहे. लग्न झाल्यापासून मी भाऊजींशी समोरासमोर बोलले नव्हते. काही सांगायचं तर मालकांना सांगायचं, नाही तर पोरांना. तेही मला काही म्हणायचं असलं की, "दत्ताच्या मंडळींना सांगा," असं कुणाला तरी म्हणायचे. दत्ता हे मालकांचं नाव. बोटीतही तेच. त्यांच्या शेजारी उलट्या तोंडाची एक सीट आहे, फळीवरच्या माणसावर नजर ठेवणाऱ्यासाठी. खरं तर ती माझी जागा. पण मी त्यांच्याकडं पाठ करून मागं झाकणावर बसायचे. ते चालवायचे पुढं बघून, मी बघायचे मागं. त्यांच्या हाताकडं बघणारं बोटीत कुणीच नव्हतं.

शनिवारी राजूशेठना लाट आणखी मोठी हवी होती. त्यांनी क्लबच्या स्वैपाकघरातल्या कमलबाईसकट सगळ्या धिप्पाड माणसांना जाकिटं चढवली आणि बोटीच्या मागच्या भागात बसवलं. ते स्वतःही चढले.

"माय, माझं वजन आज पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं," कमलबाई म्हणाली.

मागं जागाच उरली नाही. राजूशेठ मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा तिथं," आणि भाऊजींच्या शेजारची सीट दाखवली. मी पदर ओढला, बसले आणि मान खाली घातली.

मान खाली घातली तर बाजूलाच भाऊजींचा हात.

बोट निघाली. हातानं लिव्हर पार पुढं नेला. अंकिता पाण्यातून वर आली, बोट वेगाला लागली आणि भाऊजींच्या हातानं लिव्हर हळूच थोडा मागं घेतला. ट्रॅक्टरनं वेग धरला की तेल वाचवायला हातातला ॲक्सिलेटर थोडा सोडतात, अगदी तसा. भाऊजींची नजर पाण्यावर होती. हात आपलं आपण करून मोकळा झाला. रिकाम्या बोटीला तेवढं पुरायचं. जड बोटीला वळणावर जास्त जोर लागतो, आणि तो द्यायला कंट्रोलकडं काही शिल्लकच नसायचं.

वळण आलं. वेग गेला. अंकिता पडली.

"झालं," राजूशेठ म्हणाले. "लावतो ट्रकवाल्याला फोन."

मी मान थोडी वर करून हळू आवाजात म्हटलं, "कमलताई, मोठ्या भाऊजींना म्हणावं, लिव्हर मागं येऊन राहिला."

कमलबाई मोठ्यांदा हसली. "अगं माय, ते तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेत अन् मी इथं पोत्यागत पडलेय. तूच सांग की!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. राजूशेठचा अंगठा फोनवर थांबला. मी पदर आणखी पुढं ओढला. पण तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढं आली.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमचा हात मागं येतो."

भाऊजी दचकले. माझा आवाज त्यांनी असा कधी ऐकलाच नव्हता. मग म्हणाले, "न्हाई येत. दत्ताच्या मंडळींना सांगा, पोरीला पाण्यात ठेवून मी खामखा तेल वाचवीन का?"

वाद घालणं मला जमत नाही. मी कमरेच्या पिशवीतली ग्रीसची डबी काढली. लिव्हर पार पुढं गेला की त्याच्या मागं, तो जिथून परत येईल त्या जागी, काळ्या ग्रीसचा ठिपका लावायचं ठरवलं. "आणखी एक फेरी मारा," म्हणाले.

बोट निघाली, लिव्हर पार पुढं गेला तसा मी ठिपका लावला. वळणावर वेग गेला. बोट थांबवण्याआधी भाऊजींनी स्वतःच खाली बघितलं. ठिपका फरफटला होता. लिव्हरच्या बुडाला काळं लागलं होतं.

त्यांनी आपला हात उलटासुलटा करून बघितला. मग हसायलाच लागले. "राजूशेठ, बोट बेकार न्हाई. हा हात अजून ट्रॅक्टरवरच हाय."

"मग उतरवा त्याला ट्रॅक्टरवरून!" राजूशेठ म्हणाले.

भाऊजी माझ्याकडं वळले. कुणाच्या मार्फत नाही, थेट. "बाई, तू इथंच बस. हात मागं आला की बोलायचं. जोरात. इंजिनाच्या वर ऐकू आलं पाहिजे."

बोट निघाली. अंकिता वर आली. हात सवयीनं हलला.

"भाऊजी, हात!" मी ओरडले.

हात पुढं गेला. वळण आलं. इंजिनाचा आवाज भरला, जड गाडी चढाला लागते तसा, आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही. मागं लाट उभी राहिली, पुसल्यासारखी गुळगुळीत. अंकिता तिच्यावर चढली, हवेत गेली आणि लाटेच्या पलीकडं दोन्ही गुडघे वाकवून उतरली. दोरी तिच्या हातातच होती. धक्क्यावरची पोरं नाचायला लागली. कमलबाई टाळ्या वाजवायला उठली तशी राजूशेठ ओरडले, "खाली बस माय, लाट जाईल!"

अंकितानं त्या फेरीत एकामागं एक उड्या मारल्या आणि बोटीत चढल्यावर ओल्या अंगानंच मला मिठी मारली. ट्रकवाल्याला फोन गेला नाही. रविवारी लोक आले, बघून गेले, आणि शिकायला पोरं यायला लागली. बोट अजून इथंच आहे.

तिकिटाच्या खिडकीवर दुसरी मुलगी बसते. मी भाऊजींच्या शेजारी बसते. बोलायला नको म्हणून एवढी धडपड केली, आणि आता दिवसभर ओरडावं लागतं.

बोट वेग धरत नसेल तर पिशव्या बघा, अँटेना बघा, पंखा बघा. पण सगळ्यात आधी चालवणाऱ्याचा हात बघा. तो हात मोठ्या दिराचा असला तरी.