दादाच्या नावाची छुपी प्रत

अमडापुरात आमचं बी-बियाण्यांचं दुकान. दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी गुपचूप जमीन विकायला निघालो होतो. कागदावर सगळी माझ्या एकट्याच्या नावावर. विहिरीकडची अर्धी दादाची, हे फक्त घरातल्यांना ठाऊक. म्हणजे आता ती वहिनीची. तिला आधार तेवढाच. पण मला हाव सुटली होती, खोटं कशाला बोलू!

दुकानाच्या कॉम्प्युटरवरून घेणाऱ्याला मेल टाकला, ‘विहिरीकडचीही देतो.’ पत्ता त्याच्या एकट्याचा. बायकोलासुद्धा बोललो नव्हतो.

संध्याकाळी पोळी वाढता वाढता वहिनी म्हणाली, “भाऊजी, विहिरीकडचं वावर नोका इकू.”

मी घास ताटात ठेवला. “कोनं सांगतलं तुमाले?”

“त्यायनं.” तिने दादाच्या फोटोकडे पाहिलं.

“तुमी पोळ्या पाहा!” मी खेकसलो.

पुढच्या मेलात लिहिलं, सोमवारी सकाळी वावर पाहायला या. सोमवारी मी लवकरच गेलो, तर वहिनी आधीच विहिरीच्या काठावर बसलेली. घेणाऱ्याला फोन करून ‘आज नको’ सांगितलं.

बुधवारी दुकानात मेल उघडला आणि अंगावर सरसरून काटा आला. दादाच्या नावाने उत्तर होतं, मलाही आणि घेणाऱ्यालाही. ‘अर्धी जमीन माही हाय.’

तेवढ्यात घेणाऱ्याचा फोन. “काऊन हो, तुमचा भाऊ तं वारला म्हणत होते?”

मी पाठवलेले मेल काढून पाहिले. प्रत्येकावर छुप्या प्रतीची एक ओळ, आणि त्या ओळीत दादाचा पत्ता. दुकानातून जाणारा प्रत्येक मेल आपल्या मोबाइलवरही यावा, अशी सोय त्यानेच करून ठेवलेली. ज्याला मेल जातो त्याला ती ओळ दिसत नाही. मला दिसत होती, पण पाहतो कोण! दादाचा मोबाइल वहिनी रोज चार्ज करून उशाशी ठेवायची. आम्हाला वाटायचं, आठवण म्हणून ठेवते.

घेणाऱ्याला परत फोन लावला. “भाऊ वारलाच हो. पण अर्धी त्याचीच हाय,” म्हणालो आणि सौदा मोडला.

घरी येऊन विचारलं, “वहिनी, त्याच्या नावानं काऊन लिवलं?”

तिने लाटणं खाली ठेवलं. “माह्या तोंडानं सांगतलं, तं तुमी म्हणले पोळ्या पाहा. त्यायच्या नावानं सांगतलं, तवा थांबले.”