डोळ्यांखालची माती

बबीन्याच्या लष्करी छावणीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला मी दर रविवारी तेच सांगते. अगं, मुलतानी माती पार वाळू द्यायची नसते, ओलसर असतानाच धुवायची. आणि डोळ्यांखाली तर लावायचीच नसते. ती मान डोलावते आणि पुन्हा तिथेच थापते. "वहिनी, नाकावरचे पोअर्स बघा ना, केवढे मोठे झालेत!" पोअर्स नाकावर, मग माती डोळ्यांखाली कशाला?

त्यात मुहूर्त बरोबर चारचा. तेव्हाच तिच्या नवऱ्याचा पोस्टिंगवरून व्हिडिओ कॉल येतो. हिचं तोंड कडक झालेलं, बोलता येत नाही. मग भिंतीपलीकडून मला हाक, आणि फोन माझ्या हातात.

"वहिनी, आजही माती लावून बसली का ही?" तो हसत विचारतो. ही मागून नुसतं "हूं" करते. गॅस आला का, पोरीचा ताप उतरला का, सगळं मीच सांगायचं. माझा चहा तिकडे गार. नवरा हिचा की माझा?

गेल्या रविवारी पावणेचारला ती दारात उभी. "वहिनी, थोडी मिट्टी है क्या? सदर बाजारात मिळालीच नाही. जल्दी द्या ना." चेहरा धुतलेला होता. रडून रडून डोळ्यांखाली टरारून सुजलं होतं.

मी गुलाबपाण्यात माती कालवली, तिला खुर्चीत बसवलं आणि माझ्या हाताने लावली. डोळ्यांखाली जरा जाडच.